चेहऱ्यावरची बेसलॉइड गाठ: बेसल सेल कार्सिनोमा की केसाच्या मुळाची साधी गाठ? स्लाइड पुन्हा पुन्हा अडते तेव्हा

समस्या अशी: चेहऱ्यावरून ३ मिलिमीटरची पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) येते. स्लाइडवर गडद निळ्या बेसलॉइड (एपिडर्मिसच्या, म्हणजे वरच्या त्वचेच्या, तळच्या थरासारख्या) पेशींची बेटं दिसतात, कडेला पॅलिसेडिंग (पेशींची कुंपणासारखी उभी रांग) असतं, मधे दोन-तीन केराटिनच्या सिस्ट असतात. रिपोर्ट जातो ‘बेसल सेल कार्सिनोमा’, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गाठ हाती येते तेव्हा ती ट्रायकोएपिथेलिओमा, म्हणजे केसाच्या मुळाची साधी (कर्करोग नसलेली) गाठ निघते. किंवा उलट: ‘साधी गाठ’ म्हणून सोडलेली जखम वर्षभरात पसरून परत येते. पहिल्या चुकीत एखाद्या तरुण मुलीच्या नाकावर गरज नसताना मोठी जखम होते. दुसऱ्या चुकीत कर्करोग मागे राहतो.

ही अडचण एकाच प्रयोगशाळेत, त्याच माणसांच्या हातून वारंवार येते, कारण शोध चुकीच्या ठिकाणी चालू असतो. दोन्ही गाठी केसाच्या मुळातल्या जननशील पेशींसारख्याच पेशींच्या बनलेल्या असतात. त्यामुळे ४०एक्सवर एकेक केंद्रक कितीही वेळ न्याहाळलं तरी उत्तर मिळत नाही. उत्तर असतं गाठीच्या आकारात, तिच्या तळात आणि तिच्याभोवतीच्या स्ट्रोमात (आधार देणाऱ्या ऊतीत). त्यातला तळ तर बऱ्याचदा ग्रॉसिंगच्या (आलेला तुकडा तपासून कापण्याच्या) टेबलावर किंवा त्याआधी बायोप्सी घेतानाच हरवलेला असतो.

स्लाइड लावण्याआधी

फॉर्मवर ‘स्किन बायोप्सी, फेस’ एवढंच लिहिलेलं असेल तर फोन करा. पाच गोष्टी विचारा: वय, नेमकी जागा, गाठी किती, किती वर्षांपासून आहेत आणि घरात आणखी कुणाला आहेत का. पौगंडावस्थेपासून नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत त्वचेच्या रंगाच्या अनेक बारीक गाठी असतील, आईलाही तशाच असतील, तर पारडं आधीच ट्रायकोएपिथेलिओमाकडे झुकतं. गालावर एकच कडक, कडा उंच आणि मधे खळगा असलेली कडीसारखी गाठ, तीही स्त्रीला, असं वर्णन आलं तर ट्रायकोएपिथेलिओमाचा डेस्मोप्लास्टिक (घट्ट, तंतुमय स्ट्रोमाचा) प्रकार डोक्यात ठेवूनच स्लाइड उचला. फोनवरचं हे दोन मिनिटांचं बोलणं पुढे मागवाव्या लागणाऱ्या चार रंगांपेक्षा (स्टेनपेक्षा) जास्त कामाला येतं.

मग तुकडा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं आणि त्यात निदान सहा तास जायला हवेत. घाईत अर्धवट फिक्स झालेला तुकडा पुढच्या प्रक्रियेत आक्रसतो आणि पेशींच्या बेटांभोवती खोट्या फटी पडतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून लहान पंच मधून कापू नका, अख्खा घाला. ४ मिलिमीटर किंवा मोठा असेल तर उभा दुभागा. एम्बेडिंग करताना (मेणात बसवताना) तुकडा कडेवर उभा राहिला पाहिजे, म्हणजे एपिडर्मिस, डर्मिस (त्याखालचा जाड थर) आणि तळ एकाच सेक्शनमध्ये येतात. आडवा पडलेला तुकडा ही खोट्या निदानांची मोठी खाण आहे: तिरक्या कापात एपिडर्मिसच्या खालच्या टोकांची आणि साध्या केसमुळांची गोल बेटं दिसतात, आणि ती हुबेहूब बेसल सेल कार्सिनोमासारखी वाटतात.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे घ्या. लहान पंचचे पहिल्याच वेळी तीन लेव्हल (वेगवेगळ्या खोलीचे सेक्शन) कापा आणि मधले काही सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर (सेक्शन घट्ट धरणाऱ्या), न रंगवता, बाजूला ठेवा. इम्युनो (प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिनं रंगवण्याची तपासणी) नंतर मागवायचं ठरवलं की ब्लॉक पुन्हा मशीनवर चढतो, पृष्ठभाग सपाट करताना पंधरा-वीस सेक्शन वाया जातात आणि नेमकी गाठच संपते. ‘इम्युनोमध्ये गाठ उरली नाही’ हा शेरा बहुतेक वेळा या एका सवयीने टाळता येतो.

४एक्सवर थांबा

वरच्या लेन्सवर जाण्याची घाई करू नका. आधी गाठीचा बाह्याकार पाहा. ट्रायकोएपिथेलिओमा आणि ट्रायकोब्लास्टोमा (तिच्याच जातीची साधी गाठ) सहसा दोन्ही बाजूंनी सारखे, गुळगुळीत कडांचे आणि तळाशी नीट संपणारे असतात. बेसल सेल कार्सिनोमा एका बाजूला जास्त पसरतो, एपिडर्मिसला ठिकठिकाणी चिकटतो, खाली वेड्यावाकड्या बोटांनी उतरतो.

मग फटी शोधा, आणि फट नेमकी कशाच्या आणि कशाच्या मधे आहे ते ठरवा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. पेशींचं बेट आणि त्याचा स्ट्रोमा यांच्यात फट असेल तर कल कार्सिनोमाकडे. बेट आणि स्ट्रोमा एकमेकांना घट्ट धरून आहेत आणि फट त्या दोघांच्या बाहेर, म्हणजे गाठीचा स्ट्रोमा आणि आजूबाजूचा साधा डर्मिस यांच्यात असेल, तर कल केसमुळाच्या साध्या गाठीकडे. अशी साधी गाठ शस्त्रक्रियेत स्ट्रोमासकट शेंगेतून दाणा निघावा तशी सुटून येते, त्याचं कारणही हेच.

फट खरी की फिक्सेशनची? त्याच सेक्शनमधल्या साध्या केसमुळांकडे आणि घामाच्या नलिकांकडे नजर टाका. त्यांच्याभोवतीही रिकाम्या जागा असतील तर फटींना किंमत देऊ नका. कार्सिनोमाच्या फटीत आणि त्याच्या स्ट्रोमात बऱ्याचदा म्युसिन (बुळबुळीत द्रव्य) असतं. शंका असेल तर पीएच २.५ची आल्शियन ब्लू लावून पाहा.

आता १०एक्स, पण लक्ष अजून स्ट्रोमावरच. साध्या गाठीचा स्ट्रोमा फायब्रोब्लास्टांनी (तंतू बनवणाऱ्या पेशींनी) भरलेला असतो आणि त्याचे बारीक कोलॅजन तंतू बेटांभोवती वेटोळे घालून बसतात. केसमुळाच्या बल्बभोवती असतो तसाच हा साज. याच स्ट्रोमात पॅपिलरी मेसेन्कायमल बॉडी शोधा: बेटाचं एक टोक वाटीसारखं आत वळलेलं असतं आणि त्या वाटीत फुगीर, गडद केंद्रकांच्या फायब्रोब्लास्टांचा दाट पुंजका बसलेला असतो. हा केसाची डर्मल पॅपिला (केसमुळाच्या बुडाशी असणारा पेशींचा पुंजका) बनवण्याचा अर्धवट प्रयत्न आहे. नीट तयार झालेल्या दोन-तीन बॉडी सापडल्या तर त्यांचं वजन मोठं. सापडल्या नाहीत तर लगेच कार्सिनोमा ठरवू नका. आणखी लेव्हल कापा, कारण वाटी कापाच्या रेषेत यावी लागते. तिरक्या कापात हीच बॉडी बेटाच्या मधोमध पडलेल्या फायब्रोब्लास्टांच्या ठिपक्यासारखी दिसते आणि नजरेतून निसटते.

कोणत्या खुणांवर विसंबू नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. हॉर्न सिस्ट (केराटिनच्या सिस्ट) दोघांतही असतात, केराटोटिक बेसल सेल कार्सिनोमात तर भरपूर. पॅलिसेडिंग दोघांतही. सिस्ट फुटून आलेल्या जायंट (अनेक केंद्रकांच्या मोठ्या) पेशी आणि कॅल्शियम ट्रायकोएपिथेलिओमात नेहमी भेटतात, पण त्यावर निदान उभं राहत नाही. व्रण कार्सिनोमात जास्त, तरी खाजवलेली साधी गाठही वरून फुटते. उन्हाने आलेला इलॅस्टोसिस (डर्मिसमधल्या लवचीक तंतूंचा बिघाड) गोऱ्या त्वचेच्या पुस्तकांत मोठी खूण मानला जातो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत तो कार्सिनोमासोबतही फारसा नसतो, म्हणून त्याच्या अभावाला पुरावा मानू नका. मेलॅनिनचंही तेच. आपल्याकडे रंगद्रव्य असलेला बेसल सेल कार्सिनोमा सर्रास दिसतो, पण ट्रायकोब्लास्टोमातही मेलॅनिन असू शकतं.

मायटोसिस (पेशीविभाजन) आणि ॲपॉप्टोसिस (पेशींचं मरण) ४०एक्सवर शेवटी पाहा. पेशी-पेशींचं मरण आणि मायटोसिस दोन्ही भरपूर असतील तर कार्सिनोमाची बाजू बळकट होते. नुसत्या मायटोसिसवर कर्करोग म्हणू नका. पुढे पिलोमॅट्रिकोमाच्या बाबतीत हे पुन्हा येईल.

इम्युनो मागवताना आणि वाचताना

इम्युनो हे आकाराला दुजोरा द्यायला असतं. आकारच कळला नसेल तर इम्युनोची गोळाबेरीज हमखास फसते.

बीईआर-ईपी४ हा इम्युनोचा रंग या प्रश्नासाठी मागवू नका. तो बेसल सेल आणि स्क्वॅमस (त्वचेचा दुसरा एक कर्करोग) या कार्सिनोमांत फरक करतो, पण ट्रायकोएपिथेलिओमाही रंगवतो. इथे पैसे वाया.

सीडी१० वाचताना ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पुरेसा नाही, रंग कुठे आला ते लिहा. ट्रायकोएपिथेलिओमात तो बेटांभोवतीच्या स्ट्रोमात येतो, बेसल सेल कार्सिनोमात मुख्यतः पेशींमध्ये. कार्सिनोमाचा स्ट्रोमाही कधीकधी रंगतो, म्हणून नजर पेशींवर ठेवा.

बीसीएल२ साध्या गाठीत बेटांच्या बाहेरच्या थरापुरता राहतो, कार्सिनोमात बेटभर पसरतो. लहान बेटात बाहेरचा थर आणि आतला भाग वेगळे काढता येत नाहीत, तिथे हा रंग निरुपयोगी.

सीके२० मर्केल पेशी (स्पर्शाशी निगडित खास पेशी) दाखवतो. ट्रायकोएपिथेलिओमाच्या बेटांत त्या तुरळक विखुरलेल्या असतात, कार्सिनोमात सहसा नसतात. इथे दोन खड्डे आहेत. एक, पेशी मोजक्याच असतात, म्हणून सेक्शनचा कोपरा न् कोपरा शोधावा लागतो. दोन, गाठीत अडकलेल्या जुन्या केसमुळातही मर्केल पेशी असतात. गाठीच्याच बेटात पेशी दिसली तरच ती मोजा.

अँड्रोजेन रिसेप्टर केंद्रकात रंगतो. कार्सिनोमात तो बऱ्याचदा, पण तुकड्यातुकड्याने येतो. ट्रायकोएपिथेलिओमात सहसा नसतो. शेजारच्या तेलग्रंथीची केंद्रकं रंगलेली असली पाहिजेत. ती रंगली नसतील तर निगेटिव्ह निकालाला अर्थ नाही, रंग पुन्हा लावा.

पीएचएलडीए१ जिथे मिळतो तिथे चांगला साथीदार आहे: ट्रायकोएपिथेलिओमा रंगतो, कार्सिनोमा नाही. व्रण पडलेल्या कार्सिनोमात मात्र तो फसवू शकतो, तिथे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तुकडा लहान असेल आणि दोनच रंग परवडत असतील तर अँड्रोजेन रिसेप्टर आणि सीके२० ही जोडी घ्या. एक कार्सिनोमात उमटतो, दुसरा साध्या गाठीत, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चुकीच्या दिशेने नेण्याची शक्यता कमी.

कडक स्ट्रोमातल्या बारीक दोऱ्या

डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा, मॉर्फिया प्रकारचा (कडक चट्ट्यासारखा पसरणारा) बेसल सेल कार्सिनोमा आणि मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल (त्वचेतल्या केसमूळ-ग्रंथींचा) कार्सिनोमा हे त्रिकूट सगळ्यात धोक्याचं. वरच्या डर्मिसचा तुकडा आला तर तिघंही सारखे दिसतात: घट्ट कोलॅजन, त्यात एक-दोन पेशी जाडीच्या दोऱ्या, वर हॉर्न सिस्ट. सिरिंगोमा, म्हणजे घामाच्या नलिकेची साधी गाठ, हाही याच गर्दीत येऊन उभा राहतो.

डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा साधारण डर्मिसच्या वरच्या दोन-तृतीयांशात थांबतो. मधला खळगा, भरपूर सिस्ट, कॅल्शियम, शांत केंद्रकं, आणि सीके२०वर बेटांत मर्केल पेशी. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमात उतरण दिसते: वर सिस्ट, मधे दोऱ्या आणि नलिका, खाली आणखी बारीक होत गेलेल्या दोऱ्या स्नायूत आणि नसेभोवती. वरच्या ओठाभोवतीची गाठ असेल आणि रुग्णाला तिथे बधिरपणा किंवा मुंग्या जाणवत असतील तर याच्यापासून सावध. सीईए आणि ईएमए नलिकांची पोकळी दाखवतात, त्यांचा इथे उपयोग आहे. नसेभोवतीचा प्रसार ही कर्करोगाची मोठी खूण खरी, पण डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमातही क्वचित दोऱ्या नसेला टेकलेल्या दिसतात, म्हणून तीही खोलीसोबत वाचावी लागते.

तळ दिसत नसेल तर या चौघांपैकी कुणाचंही नाव ठामपणे लिहू नका. कितीही रंग लावले तरी तळाची उणीव भरून निघत नाही. रिपोर्टमध्ये असं लिहा: ‘डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमातील बेसलॉइड ॲडनेक्सल गाठ. तुकडा वरच्या डर्मिसपुरता असून तळ तपासता आलेला नाही. शक्यता क्रमाने नमूद केल्या आहेत. पूर्ण जाडीची बायोप्सी किंवा संपूर्ण गाठ काढून पाठवावी.’ असा रिपोर्ट लिहायला संकोच वाटतो, पण शल्यविशारदाला चुकीच्या नावापेक्षा हा अधिक कामाचा असतो.

डोक्यावरच्या नीव्हस सेबेशियसमध्ये बेसलॉइड गाठ

जन्मापासून टाळूवर केस नसलेला पिवळसर चट्टा, आणि मोठेपणी त्यात आलेली गाठ. पूर्वी अशा गाठी सर्रास बेसल सेल कार्सिनोमा म्हणून गेल्या. आज आपल्याला माहीत आहे की त्यांतल्या बहुतेक ट्रायकोब्लास्टोमा असतात आणि खरा कार्सिनोमा तिथे विरळा. म्हणून नीव्हस सेबेशियसच्या पार्श्वभूमीवर कार्सिनोमा म्हणण्याआधी पुराव्याची पट्टी वर न्या: बेट-स्ट्रोमा फटी, म्युसिन, पसरट कडा हे सगळं हवं. शेजारी सिरिंगोसिस्टॲडेनोमा पॅपिलिफेरम (ग्रंथींची आणखी एक साधी गाठ) ही आहे का, ते पाहायला विसरू नका. एकाच चट्ट्यात दोन-तीन वेगळ्या गाठी मिळणं इथे नवल नाही.

लहान मुलाची मानेवरची गाठ, आणि एफएनएसीचा घात

पिलोमॅट्रिकोमा ही केसाच्या मॅट्रिक्सची गाठ. मालेर्ब आणि शनांतै यांनी १८८० साली तिचं वर्णन तेलग्रंथींची गाठ म्हणून केलं होतं. ती केसाच्या मॅट्रिक्सची, हे ठरून १९६१ साली आजचं नाव मिळालं. म्हणजे हिला ओळखण्यात चूक होणं जुनंच आहे, फक्त आपल्याकडे ती चूक सुईवर होते.

गाठ दिसली की आधी एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं), ही आपली रीत. सुई गाठीच्या बेसलॉइड कडेत गेली तर स्लाइडवर फक्त दाट निळ्या पेशींचे पुंजके, उघडी केंद्रकं आणि भरपूर मायटोसिस येतात. वाचणारा स्मॉल राउंड सेल ट्यूमर (लहान गोल पेशींचा कर्करोग) किंवा मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कर्करोग) लिहितो आणि घर हादरतं. असं लिहिण्याआधी घोस्ट पेशी शोधा: फिकट, केंद्रकाच्या जागी रिकामं भोक असलेल्या पेशींचे तुकडे. पापानिकोलाउ रंगात त्या पिवळट-नारिंगी दिसतात, गिम्सा प्रकारच्या रंगात मात्र पुसटशा निळसर, आणि म्हणून हुकतात. दोन्ही रंग लावा. जोडीला जायंट पेशी आणि कॅल्शियमचे कण दिसतात का, तेही पाहा. सापडलं नाही तर गाठीच्या दुसऱ्या भागातून पुन्हा सुई घाला आणि सेल ब्लॉक (ओढलेल्या पेशी मेणात बसवून) करा. मूल, मान किंवा कानासमोरचा भाग किंवा दंड, त्वचेला चिकटलेली खड्यासारखी कडक गाठ, हे वर्णन हातात असेल तर सुईवरून कर्करोग लिहिण्याआधी दहादा विचार करा.

ऊतीच्या स्लाइडवर अडचण वेगळी असते. बेसलॉइड पेशींत मायटोसिस खूप असतात आणि ते इथे साधेच असतात. कर्करोगी प्रकारासाठी शेजारच्या ऊतीत घुसलेली कड, रक्तवाहिनीत शिरकाव, मोठ्या प्रमाणावर नेक्रोसिस (ऊती मरणं) आणि विचित्र मायटोसिस असं सगळं लागतं. याउलट जुन्या गाठीत निळ्या पेशी उरतच नाहीत. फक्त घोस्ट पेशी, कॅल्शियम, कधी चक्क हाड. तेव्हा घोस्ट पेशींचे गुलाबी थर साधं केराटिन समजून ‘फुटलेली एपिडर्मल सिस्ट’ असा रिपोर्ट जातो. सिस्टचं केराटिन पापुद्र्यांसारखं सुटतं. घोस्ट पेशींत प्रत्येक पेशीची सीमा आणि मधली रिकामी जागा दिसते.

ब्लॉक कापताना ब्लेड खरखरलं आणि सेक्शनवर उभे ओरखडे आले तर जोर लावू नका. ब्लॉकचा कापलेला पृष्ठभाग सौम्य आम्लात भिजवलेल्या कापसावर पालथा ठेवा, साधारण अर्ध्या तासाने पाण्याने धुवा, गार करा आणि लगेच कापा. आम्ल पृष्ठभागापासून थोडंच खोल जातं, म्हणून पहिलेच सेक्शन उचला. अख्खी गाठ दगड झाली असेल तर ग्रॉसिंगलाच आम्लाने डिकॅल्सिफिकेशन (कॅल्शियम काढणं) करा, पण एक मऊ तुकडा आम्लाबाहेर राखून ठेवा. बीटा-कॅटेनिनचं इम्युनो लावायची वेळ आली तर तोच उपयोगी पडेल.

पारदर्शक पेशी आणि खोटा शिरकाव

ट्रायकिलेमोमा हा केसमुळाच्या बाहेरच्या आवरणाची नक्कल करतो: एपिडर्मिसला लटकलेले लोंबते लोब, ग्लायकोजेनने फिकट झालेल्या पेशी, कडेला उभ्या पेशींची रांग आणि बाहेरून जाड काचेसारखा पडदा. पीएएस हा रंग पेशींना रंगवतो आणि डायस्टेज (ग्लायकोजेन पचवणारं विकर) दिल्यावर तो जातो. पडद्याचा रंग मात्र राहतो. वरचा पृष्ठभाग चामखिळीसारखा असल्याने वरवरच्या शेव्हवर (तासून घेतलेल्या बायोप्सीवर) ‘व्हेरुका’, म्हणजे चामखीळ, लिहिलं जातं.

डेस्मोप्लास्टिक ट्रायकिलेमोमात मधल्या भागात गुलाबी, काचेसारख्या स्ट्रोमात पेशींच्या तुटक दोऱ्या अडकतात आणि चित्र शिरकाव करणाऱ्या स्क्वॅमस कार्सिनोमाचं होतं. उपाय सोपा: नजर मधून काढून कडेला न्या. कडेला नेहमीचे गोल लोब आणि जाड पडदा असेल तर दोऱ्या त्याच गाठीच्या आहेत. सीडी३४ पेशींना रंगवतो, तो दुजोरा.

टाळूवरच्या वयस्क स्त्रीतल्या प्रोलिफरेटिंग ट्रायकिलेमल गाठीलाही असंच स्क्वॅमस कार्सिनोमाचं लेबल चिकटतं. बाहेरची कड ढकलणारी आणि गुळगुळीत आहे, आत ग्रॅन्युलर थराशिवाय एकदम घट्ट केराटिन होतंय, तर आधी हिचा विचार करा. पण कडेचे सेक्शन भरपूर घ्या, कारण मोठ्या गाठीत एखाद्या कोपऱ्यातच खरा शिरकाव लपलेला असू शकतो.

ट्रायकोफॉलिक्युलोमात (एका रुंद केसमुळाभोवती इवली केसमुळं असलेल्या साध्या गाठीत) अडचण फक्त लेव्हलची. मधलं रुंद केसमूळ कापात आलं नाही तर नुसती इवल्या केसमुळांची गर्दी दिसते. खोल कापा, मधली पोकळी आणि त्यात केसांचे बारीक तुकडे मिळतात. एपिडर्मिसला समांतर, जाळीदार पट्टीसारखी वाढ दिसली आणि वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमाची शंका आली, तर इलॅस्टिक रंग लावा. खाली इलॅस्टिक तंतूंची दाट चटई असेल तर ती ट्यूमर ऑफ फॉलिक्युलर इन्फंडिब्युलम.

रिपोर्टच्या शेवटी जोडायची ओळ

या गाठी साध्या असल्या तरी काही वेळा त्या शरीरातल्या दुसऱ्या गोष्टीची खबर देतात, आणि ती ओळ राहून जाते. अनेक ट्रायकोएपिथेलिओमा असतील, सोबत टाळूवर सिलिंड्रोमा किंवा कुठे स्पायरॲडेनोमा (दोन्ही त्वचेतल्या ग्रंथींच्या साध्या गाठी), तर सीवायएलडी जनुकाचा उल्लेख करा आणि कुटुंब तपासायला सांगा. अनेक ट्रायकिलेमोमा असतील तर काउडेन सिंड्रोम (अनेक अवयवांत गाठी होण्याचा आनुवंशिक विकार) आणि त्याचं जनुक पीटीईएन. स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाची तपासणी सुचवा. नाकावर-गालावर पांढरट बारीक दाणे आणि स्लाइडवर केसमुळापासून निघालेल्या दोन-चार पेशी जाडीच्या, एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्या, म्हणजे फायब्रोफॉलिक्युलोमा. असे अनेक असतील तर बर्ट-हॉग-डुबे हा आनुवंशिक विकार: मूत्रपिंडाचं इमेजिंग सुचवा, आणि फुफ्फुसाभोवती हवा साठून ते कधी आकसलं होतं का, हे रुग्णाला आणि त्याच्या भावंडांना विचारायला सांगा. पिलोमॅट्रिकोमा एकाहून अधिक असतील तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफी (स्नायूंचा आनुवंशिक आजार) आणि गार्डनर सिंड्रोम (आतड्यात पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार) यांचा विचार नोंदवा. फॅमिलीत आतड्याच्या पॉलिपची किंवा स्नायूंच्या अशक्तपणाची नोंद आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञाला कळवूनच विचारायला लावा.